विटेत मुरलेला रंग

आमच्या वाड्याची मागची भिंत बोळाकडे आहे. तिला गिलावा नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं आणि त्यावर थेट पत्र्यापर्यंत उघड्या विटा. दुपार कलली की समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन या भिंतीवर तिरपं उतरतं आणि विटेविटेची कड वेगळी दिसायला लागते. गेल्या हिवाळ्यात अशाच उन्हात मला तिच्यावर हिरवे ओघळ दिसले. शेजारच्या गॅलरीचे गज रंगवताना रंगाऱ्याच्या हातून डबा कलंडला होता. ऑइल पेंट होता. वरच्या थरातून निघालेला रंग दरजांमध्ये अडखळत, थोडा आडवा पसरत, पुन्हा खाली निसटत पार जोत्यापर्यंत आला होता.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले, कारण तो रंग सगळीकडे सारखा नव्हता. एका विटेवर तो वरच्यावर चकाकत बसला होता. तिला लागून असलेल्या विटेनं तो पिऊन टाकला होता. तिथे चकाकी नव्हतीच, नुसती मळकट हिरवी छाया होती. चुन्याच्या दरजेत तो सर्वांत खोल गेला होता. एकाच डब्यातला रंग, एकाच दुपारी सांडलेला, पण प्रत्येक विटेची त्याच्याशी वागण्याची तऱ्हा निराळी. लहानपणापासून जिला मी नुसती भिंत म्हणत आले होते, तिच्यात इतक्या निरनिराळ्या स्वभावाच्या विटा नांदत होत्या, हे मला त्या सांडलेल्या रंगानं पहिल्यांदा दाखवलं.

विटांचा हा वेगळेपणा भट्टीतला आहे. नदीकाठची गाळाची माती, त्यात तूस नाहीतर राख, आणि पाणी. तुडवून मळलेला चिखल साच्यात थापायचा, उन्हात वाळवायचा, मग कच्च्या विटांची भट्टी रचून आत जळण भरून ती पेटवायची. तापमान 900 ते 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मातीचे कण एकमेकांना कायमचे धरतात. पण रचलेल्या भट्टीत आग सगळीकडे सारखी पोचत नाही. आगीला अगदी चिकटलेली वीट जास्त भाजून काळी, कडक, वेडीवाकडी होते. तिला खंगर म्हणतात. कडेला राहिलेली फिकट आणि ठिसूळ निघते. मधली नीट भाजते, आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. जी कमी भाजली ती पाणी जास्त पिते, आणि पाणी पिते तसा रंगही पिते. आमच्या भिंतीवरचे ओघळ म्हणजे त्या जुन्या भट्टीत कोणती वीट कुठे बसली होती याचा उमटलेला हिशेबच होता.

या विटा थापणाऱ्यांचं नाव कुठल्याच भिंतीवर नसतं. आजही पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं मुक्कामाला येतात. रायगड-ठाण्याकडे त्यांत कातकरी पुष्कळ. बायका-माणसं पहाटे अंधारात चिखलाला लागतात, आणि पावसाच्या तोंडाशी बिऱ्हाड उचलून परत जातात. आमच्या भिंतीतल्या एका विटेवर बोट ओढल्याची खूण आहे. साच्यातून काढताना ओल्या मातीला कुणाचं तरी बोट लागलं असणार. त्या बोटाच्या खळग्यातही हिरवा रंग साचला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

पुण्याच्या जुन्या पेठांना उघडी वीट अनोळखी नाही. शनिवारवाड्याच्या तटासमोर कुणीही उभं राहावं: खाली दगड, वर वीट. 10 जानेवारी 1730 रोजी त्याची पायाभरणी झाली आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत. सगळं बांधकाम दगडातच व्हायचं होतं, पण दगडी वास्तूचा मान राजाचा, अशी तक्रार साताऱ्याला गेली आणि शाहू महाराजांच्या आज्ञेवरून वरचं काम विटांत केलं, अशी कथा सांगतात. 1828 साली आतल्या लाकडी महालांना आग लागली आणि ते जळून गेले. तट उभा राहिला. एकदा भट्टीतून निघालेल्या विटेला त्या आगीचं फार भय नव्हतं.

कॅम्पातलं लाल देऊळही असंच. डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर 1867 साली पुरं झालं. लाल विटांमुळे पुणेकरांनी त्याला देऊळ करून टाकलं, आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगावं लागतं. पुढच्या काळात केरळात लॉरी बेकर या वास्तुकारानं उघड्या विटेची कितीतरी घरं बांधली. विटेवर गिलावा आणि रंग चढवणं त्यांना वायफळ खर्च वाटे; विटेला स्वतःचा चेहरा आहे, तो झाकायचा कशाला, असं ते मानत. बर्मिंगहॅमला 1917 साली जन्मलेल्या या माणसानं 2007 साली तिरुवनंतपुरमला देह ठेवला. त्यांच्या घरांची छायाचित्रं पाहताना मला आमच्या बोळातली भिंत आठवते. विटेचा लालपणा वरून लावलेला नसतो. तो तिच्या मातीतल्या लोहातून, आगीतून आलेला असतो, आणि वीट फोडली तरी आत तोच असतो. त्यामुळे वरून येणारा कुठलाही रंग तिच्यावर परका दिसतो.

तो परका रंग काढायचा म्हटल्यावर सल्ले पुष्कळ आले. कुणी म्हणालं, ॲसिड मारा. कुणी तारेचा ब्रश सुचवला, कुणी ग्राइंडर. प्रत्येकाचा स्वर आपुलकीचा होता आणि प्रत्येकाला डाग लवकर जायला हवा होता. मला मात्र भीती वाटत होती. भाजलेल्या विटेला बाहेरून एक कडक पापुद्रा असतो, भाकरीला असतो तसा. तो असेतो आतली मऊ माती सुरक्षित असते. तारेचा ब्रश तो खरवडतो, आणि वर आपल्या लोखंडाचे बारीक कण विटेत सोडतो. पहिल्या पावसात ते गंजतात आणि हिरव्याच्या जागी तांबडे डाग उठतात. ॲसिडचं तर ऑइल पेंटशी काही कामच नाही. ते रंगाला सोडून चुन्याला धरतं. दरज फसफसते, चुना विरघळून जातो, आणि विटेतलं लोह वर येऊन पिवळे-तपकिरी चट्टे पडतात ते निराळेच. रंग जिथल्या तिथे राहतो आणि भिंत पोकळ होते.

पाश्चात्त्य शहरांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत 1960 आणि 70 च्या दशकांत जुन्या वीटबांधकामाच्या इमारतींवर दाबाखाली वाळूचा मारा करून रंग आणि काजळी काढण्याची लाट आली होती. इमारती एका दिवसात लालभडक दिसू लागत. लोकांना ते नवेपण आवडलं. मग काही हिवाळे गेले, आणि पापुद्रा गेलेल्या विटा पाणी पिऊन, गोठून, भुगा होऊन गळू लागल्या. अखेर 1979 साली तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं जुन्या इमारतींवर असा खरवडणारा मारा करू नका, असं बजावणारी एक पुस्तिकाच काढली. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण आपला पाऊस चार महिने भिंतीला टेकून बसतो. पापुद्रा गेलेली वीट तो सगळा आत घेते. मग लोणा लागतो, पांढरी भुकटी उगवते, आणि भिंतीशी हात नेला की तळव्यावर विटेचा चुरा येतो.

शेवटी मी आमच्या ओळखीच्या जुन्या गवंड्याला बोलावलं. हात पाठीमागे बांधून त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली. नखानं एक ओघळ टोकरला. मग म्हणाले, "ताई, आधी मागं, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून बघू. तिथं वीट राहिली, तरच इथं हात लावू." मी विचारलं, "मामा, आणि नाही राहिली तर?" ते म्हणाले, "मग रंग राहील." त्या उत्तरात कसलीही खळखळ नव्हती. रंग राहिला तर त्यांना कमीपणा येणार नव्हता. वीट गेली असती तर आला असता.

त्यांनी प्रत्येक रंगाची वेगळी रीत सांगितली. साधा डिस्टेंपर कोमट पाण्यानं आणि मऊ ब्रशनं सुटतो. त्याला घाई लागत नाही. इमल्शन ओलं असेतो पाण्यात जातं, सुकलं की पाण्याला दाद देत नाही. ऑइल पेंट सर्वांत हट्टी. तो नुसता वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होत जातं, आणि त्याआधी ते विटेच्या बारीक छिद्रांत शिरलेलं असतं. ओला असताना तो टिपून घ्यायचा असतो. पुसायला गेलं की तोच हात त्याला आत ढकलतो. आमच्या भिंतीवर टिपायची वेळ निघून गेली होती. म्हणून आधी जिथे रंग नुसता वर बसला होता तिथला थर लाकडाच्या चपट्या पट्टीनं उचलायचा, आणि जो आत शिरला होता त्याला लेप लावायचा असं ठरलं.

लेपाची कृती मला फार आवडली. रंग सोडवणारं द्रावण आणि मुलतानी माती एकत्र कालवून घट्टसर लगदा करायचा, डागावर जाड थर द्यायचा आणि वर प्लास्टिक लावून ठेवायचं, म्हणजे द्रावण उडून न जाता विटेच्या छिद्रांत शिरून रंगाला ढिलं करतं. मग प्लास्टिक काढायचं आणि लेप वाळू द्यायचा. वाळताना ओल बाहेरच्या कोरड्या मातीकडे ओढली जाते आणि सुटलेला रंग तिच्याबरोबर येतो. लेप भेगाळून सुटतो तेव्हा त्याची भिंतीकडची बाजू हिरवट झालेली असते. जे तेल ज्या वाटेनं आत गेलं, त्याच वाटेनं त्याला परत बोलवायचं. इथे कुठे जबरदस्ती नाही. एका मातीत शिरलेलं दुसरी माती ओढून घेते. असा लेप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि दर वेळी निघणारा रंग आधीपेक्षा कमी असतो.

द्रावण निवडताना मात्र जपावं लागतं. रंग झपाट्यानं उतरवणाऱ्या जुन्या द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असे. बंद जागेत त्याच्या वाफेनं माणसं दगावली आहेत; अमेरिकेनं 2019 साली घरगुती वापरासाठी अशा द्रावणांची विक्री थांबवली आणि 2024 साली बहुतेक इतर वापरांवरही बंदी आणली. आपल्याकडे जुन्या दारांचा रंग काढायला रंगारी कॉस्टिक सोडा वापरतात. लाकडावरून तो एक वेळ धुऊन काढता येतो, पण विटेत त्याचे क्षार राहतात आणि पुढे लोणा लागायला निमंत्रण देतात. जुन्या रंगाची भुकटी उडवणंही वाईट, कारण त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाला; त्याआधीचे रंग आपल्या गजांवर, दारांवर, गॅलऱ्यांवर अजून आहेत. म्हणून कोरडं घासू नये, नाकातोंडाला फडकं एवढंच पुरे मानू नये, आणि खेळत्या मुलांना त्या दिवशी बोळात सोडू नये. मामांनी खाली जुनं गोणपाट आणि वर प्लास्टिक अंथरून घेतलं होतं. गळलेला एकही थेंब गटारात जाऊ दिला नाही.

लेप वाळण्याची वाट बघत बोळात बसलं की मन इकडे तिकडे जातं. आपल्या भिंतींनी किती रंग अंगावर घेतले आहेत. लग्नघराच्या दाराशी रंगवलेला गणपती आणि बाजूला वळणदार अक्षरांत 'शुभविवाह'. वरातीनंतर तो कुणी पुसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तो आपोआप फिका होत जातो, आणि तोवर त्या घरात पाळणा हललेला असतो. वास्तुशांतीला उमटवलेले कुंकवाचे हात. रंगपंचमीला चुकलेली पिचकारी. निवडणुकीच्या घोषणा, ज्यांतला उमेदवार कधीच विस्मृतीत गेला पण निशाणी अजून ओळखू येते. बंद पडलेल्या विडीची, साबणाची जाहिरात. यांतला कुठला रंग डाग आणि कुठला नाही? मला वाटतं, भिंतीच्या धन्यानं आणि भिंतीनं जो आपखुशीनं घेतला, आणि जो ऊन-पावसाबरोबर आपण होऊन जायला राजी आहे, तो डाग नव्हे. जो न विचारता आला आणि जाताना विटेचा तुकडा मागतो, तो डाग.

गडांवर गेलं की हा फरक डोळ्यांत खुपतो. तटाच्या दगडांवर, दरवाजांच्या कमानींवर, जिथे जिथे हात पोचेल तिथे पांढऱ्या आणि लाल ऑइल पेंटनं नावं लिहिलेली असतात, बाणानं जोडलेली हृदयं काढलेली असतात. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला 1958 च्या कायद्यात शिक्षा आहेच. 2010 च्या दुरुस्तीनं ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वाढवली. आपल्या राज्यात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा वेगळा कायदाही आहे. पण कायदा रंग काढत नाही. सुटीच्या दिवशी गडावर जाऊन ब्रश आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एकेक अक्षर उतरवणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लिहिणाऱ्याला जेमतेम मिनिटभर लागलेलं असतं. काढणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. त्या मुलांना माझं एकच सांगणं असतं: उत्साहाच्या भरात तारेचा ब्रश उचलू नका, आणि संरक्षित वास्तूला पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना विचारल्याशिवाय द्रावण लावू नका. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याला आपल्याच हातून इजा व्हायला नको.

आमच्या भिंतीवरचा रंग पुष्कळसा निघाला. खंगर विटांवरचा तर लाकडी पट्टीनंच सुटला. त्यांनी तो आत घेतलाच नव्हता. मधल्या विटा लेपानं मोकळ्या झाल्या. कमी भाजलेल्या विटांत मात्र हिरवट झाक उरली, आणि दोन दरजांतही. मामांनी ओल्या फडक्यानं त्या विटांवरून हात फिरवला, तेव्हा फडक्यावर हिरवा नाही, लाल रंग आला. वीट सुटायला लागली होती. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाले, "बस. आता पुढं जायचं नाही." बोटाच्या खळग्यातला रंगही पुरता गेला नाही. तिथे मला अजून थोडं करून बघावंसं वाटत होतं. पण मामांचा हात थांबला होता, आणि तो बरोबर थांबला होता.

मग शेवटचा सल्ला आला: विटेच्या रंगाचा पेंट मिळतो, सगळी भिंतच एकसारखी रंगवून टाका, हिरवं दिसणारच नाही. हे मला डागापेक्षाही वाईट वाटलं. भिंतीनं पावसाळ्यात घेतलेली ओल उन्हाळ्याआधी बाहेर टाकायची असते. वरून पेंटचा अखंड पडदा बसला की ती ओल आत कोंडते, क्षार पडद्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा पेंटला चिकटूनच सुटून येतो. आणि समजा असं काही झालं नाही, तरी काळी, शेंदरी, फिकट अशा सगळ्या विटांना एकाच लाल रंगाखाली बुजवणं म्हणजे त्या भट्टीची, त्या हातांची साक्षच पुसणं. मी नको म्हणाले. दोन दरजा मात्र आम्ही हलक्या हातानं उकरून पुन्हा चुन्यानं भरून घेतल्या, सिमेंटनं नाही. जुन्या मऊ विटेच्या शेजारी सिमेंट फार कडक पडतं आणि ओल विटेतूनच वाट काढू लागते.

आता भिंतीकडे पाहणारा कुणी विचारतो, ती हिरवट झाक कसली? मी सांगते, रंग सांडला होता, निघाला तेवढा काढला. एवढं सांगून पुरतं. पूर्वी मला वाटायचं, स्वच्छता म्हणजे काहीच मागे न उरणं. त्या भिंतीशी घालवलेल्या दुपारींनी मला दुसरं माप दिलं आहे: काय गेलं यापेक्षा काय शाबूत राहिलं ते आधी बघायचं.

तुमच्या घराला, तुमच्या आळीला अशी उघड्या विटांची भिंत असेल, तर तिच्याकडे एकदा निरखून बघा. रंग सांडला तर लगेच टिपा, पुसू नका. वाळला असेल तर आधी आडबाजूच्या एका विटेवर करून पाहा, आणि फडक्यावर विटेचा रंग येऊ लागला की थांबा. उरलेल्या डागाला ऊन आणि पाऊस पुष्कळ वर्षं पुरतील. भिंतीतली वीट मात्र पुन्हा भट्टीत जात नाही.